नाटक आत्ता कुठं आहे

जयसिंगपूरच्या प्रयोगात कन्नड प्रेक्षक आधी हसले आणि मराठी प्रेक्षक अर्ध्या मिनिटानं हसले, त्या दिवशी सन्मती मगदूमनं ठरवलं की आता हे आपल्यालाच दुरुस्त करावं लागणार.

२०४१ सालची गोष्ट. मिरजेच्या हौशी मंडळीचं ‘दोन ट्रंका, एक किल्ली’ हे नाटक तेव्हा नुकतंच उभं राहिलं होतं. निवृत्त झालेला एक पोस्टमास्तर, त्याची बायको रमाबाई, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन ट्रंका. एकीत रमाबाईंची लुगडी, दुसरीत मास्तरांनी चाळीस वर्षं सांभाळून ठेवलेली, पत्ता न सापडलेली पत्रं. पहिला अंक घरात, दुसरा पोस्टात, तिसरा रेल्वे स्टेशनावर. ट्रंकांची अदलाबदल होते आणि मग जो गोंधळ माजतो त्याला लोक पोट धरून हसत. पोस्टमास्तरांचं काम करायचे सन्मतीचे वडील, भूपाल मगदूम. वय अडुसष्ट, सगळ्या मंडळीचे अण्णा.

रंगवलेले पडदे तोवर मागे पडले होते. मागच्या तिन्ही बाजूंना प्रकाशभिंती असत. त्यांच्यावर घर, पोस्ट, स्टेशन हवं ते उमटायचं. रंगमंचाचा मधला गोल आपोआप फिरायचा. अथणी-कागवाडकडून येणाऱ्या प्रेक्षकांच्या कानात संवाद कन्नडमधून ऐकू येत, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या चष्म्यात अक्षरं उमटत. दिवे, ध्वनी, भिंती, गोल, भाषांतर, अक्षरं, सगळं मिळून बारा यंत्रं.

जयसिंगपूरला काय झालं, तर दिव्यांच्या हिशेबानं दुसरा अंक सुरू झाला होता आणि भिंती पहिल्यातच होत्या. भाषांतराचं यंत्र तर सगळ्यांच्या पुढं पळालं होतं. अण्णा “ही ट्रंक एवढी जड का लागते” असं म्हणायला तोंड उघडणार, तोच उजवीकडच्या शंभर माणसांत हशा पिकला. अण्णांनी दचकून खाली बघितलं. त्यांना वाटलं, धोतर सुटलं.

सन्मतीचा पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. दुसऱ्या दिवशी तिनं बाराही यंत्रं उघडून बघितली आणि तिला दोष लगेच सापडला. एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. पण नाटक आत्ता कुठं आहे, याची प्रत्येकानं आपापली वेगळी नोंद ठेवली होती. दिवे आपल्या वहीत लिहीत, भिंती आपल्या, आणि मग ती एकमेकांना निरोप पाठवत. एक निरोप उशिरा पोचला की दोन वह्यांत दोन वेगळी नाटकं. बारा वह्या असल्यावर विचारायलाच नको.

तिनं सगळ्या वह्या काढून टाकल्या आणि एकच नोंद ठेवली. तिचे नियम तीन. एक, नाटकाची स्थिती फक्त इथंच लिहिलेली असेल. कुणीही स्वतःची प्रत ठेवायची नाही. दोन, कुणी परस्पर खोडाखोड करायची नाही. ‘हे वाक्य झालं’, ‘दार उघडलं’ एवढी घटना फक्त कळवायची, तिच्यावरून नवी स्थिती काय ते नोंदच ठरवील. तीन, प्रत्येक घटना वेळेसह कायम लिहून ठेवली जाईल, म्हणजे काही चुकलं तर मागं जाऊन बघता येईल. बारा यंत्रांनी या नोंदीकडं बघायचं आणि ती सांगेल तसं वागायचं.

मंडळीनं त्या नोंदीचं नाव पाडलं ‘पाटी’.

“म्हणजे सगळ्यांना मिळून एकच पाटी,” बाबालाल मुजावर म्हणाले. “बरं झालं. पण पोरी, तिच्यावर लिहिणार कोण?”

मुजावरचाचा मंडळीचे प्रॉम्प्टर. दिवसा सतारीच्या गल्लीत सतारी जुळवायचे आणि संध्याकाळी विंगेत स्टुलावर बसून, कुणाचं वाक्य अडलं की ते हळूच पुरवायचे. तीस वर्षं अण्णा आणि ते बरोबर होते.

“माइक ऐकतील आणि लिहितील,” सन्मती म्हणाली. “आणि माइकला नीट ऐकू आलं नाही, तर तुम्ही बटण दाबून सांगायचं, की हे वाक्य झालं. माइकनंतर तुमचाच शब्द.”

पाटी लागली आणि प्रयोग असा गुळगुळीत चालू लागला की बघत राहावं. कन्नड आणि मराठी हशा एकाच क्षणी उठू लागला. बत्तीस प्रयोग निर्विघ्न झाले. कोल्हापूरच्या दोन मंडळींनी पाटी मागून नेली.

तेहतिसावा प्रयोग इचलकरंजीला होता. दुसऱ्या अंकात मधला गोल फिरायला लागला तेव्हा अण्णांचा एक पाय गोलावर होता आणि एक बाहेर. ते धडपडले, गुडघ्यावर आपटले. रमाबाईंचं काम करणाऱ्या कुरणेताईंनी प्रसंगावधान राखून “अहो, निवृत्त झालात म्हणून लगेच पाय घसरू देऊ नका!” असं म्हणून त्यांना हात दिला आणि टाळी घेतली. गुडघा सुजला, एवढ्यावर निभावलं. दोन दिवसांत सन्मतीनं गोलाभोवती वजन ओळखणाऱ्या पट्ट्या बसवल्या. कुणाचाही पाय सांध्यावर असला तर, पाटीनं काहीही सांगितलं तरी, गोल फिरणार नव्हता.

पण मुळात तो फिरला कसा, हे तिला कळेना. तिनं त्या प्रयोगाच्या सगळ्या घटना काढल्या. गोल फिरण्याआधीचं वाक्य अण्णांचं होतं. पाटीवर ते ‘झालं’ असं लिहिलेलं होतं. माइकनं मात्र ते ऐकलंच नव्हतं. बटण दाबलं होतं मुजावरचाचांनी.

तिनं मागचा प्रयोग काढला, त्याच्या मागचा काढला. अकरा प्रयोगांत मिळून सत्तेचाळीस वाक्यं अशी होती, जी कुणी बोललंच नव्हतं आणि पाटीवर बोललेली होती. सत्तेचाळीसही अण्णांची.

दुपारी ती सतारीच्या गल्लीत गेली. चाचा एका नव्या सतारीच्या तारा लावत होते. तिनं कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद बघितला, आणि तार पिळायची थांबवली.

“चाचा, पाटीवर खोटं लिहिलंत तुम्ही.”

“खोटं म्हणू नकोस. सांभाळून घेतलं त्याला.”

“गोल फिरला त्यामुळं. पाय मोडला असता अण्णांचा.”

“ठाऊक आहे,” चाचा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “त्या दिवसापासून घास गोड लागत नाही मला. भूपाल पुढचं वाक्य बोलला नाही, नुसता उभा राहिला. मी पुरवलं, तरी त्याच्या ध्यानात येईना. म्हटलं, बटण दाबावं, नाटक पुढं सरकंल. नाटक सरकलं आणि हा तिथंच उभा.”

“किती दिवस चाललंय?”

“आठ महिने. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलोय आम्ही दोघं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाल्या. शपथ घातलीया त्यानं मला, सन्मतीला सांगायचं नाही म्हणून.”

“मला का नाही?”

“तू नाटक बंद करशील म्हणून.”

सन्मतीला राग आला, आणि राग आला की तिचे डोळे भरून यायचे, याचा तिला आणखी राग आला. कारण चाचांचं म्हणणं खरं होतं. गल्लीत शिरताना तिनं नेमकं तेच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वयंपाकघरात भडंग करत होते. लसणाच्या फोडणीचा वास घरभर सुटला होता. हे काम ते कुणाला करू देत नसत. सन्मती ओट्याजवळ उभी राहिली.

“अण्णा, काल चाचांकडं गेले होते.”

अण्णांचा झारा क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. “बोलला म्हण की मग.”

“त्यांनी नाही सांगितलं. पाटीनं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.”

“तुझी पाटी लई चोंबडी आहे.”

ती हसली नाही. अण्णांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि स्टुलावर बसले.

“बघ, तुला वाटतंय मी वाक्यं विसरतो. वाक्य एक नाही विसरलेलो. तू कुठलंबी विचार.”

तिनं विचारलं. तिसऱ्या अंकातलं, पहिल्यातलं, मधलंच कुठलंतरी. अण्णांनी एकेक वाक्य हावभावासकट म्हणून दाखवलं. रमाबाईंचीही म्हणून दाखवली, बायकी आवाज काढून.

“मग होतं काय?”

“वाक्यं सगळी आहेत. पण उभं राहिल्यावर कळत नाही, आत्ता आपण आहोत कुठं. किल्ली दिली की द्यायची आहे? रमा रुसून गेली की अजून यायची आहे? सगळी वाक्यं एकदम दारात येऊन उभी राहतात. आधी कुणाला सोडावं, हेच कळत नाही.” त्यांनी झारा उचलून पुन्हा कढईत ठेवला. “म्हणून मग मी गप्प राहतो. चूक बोलण्यापरीस बरं.”

सन्मती ऐकत होती. संहिता त्यांच्याकडं पूर्ण होती. हरवली होती फक्त स्थिती. आणि स्थिती सांभाळायलाच तर तिनं पाटी केली होती. ती समोरचं स्टूल ओढून बसली.

“अण्णा, गप्प नका राहू. तुम्ही कुठलंही वाक्य बोला. नाटक तिथं येईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे आत्तापर्यंत नाटक पुढं जायचं आणि तुम्ही त्याच्या मागं पळत होता. आता तुम्ही जाल तिथं नाटक येईल.”

अण्णांनी भडंगाची वाटी तिच्या हातात दिली. “खा आधी. उपाशीपोटी असलं सुचतंय माणसाला.”

बोलायला सोपं होतं, करायला तीन आठवडे लागले. नुसतं पान क्रमांक बदलून भागणार नव्हतं. अण्णा पहिल्या अंकातून एकदम तिसऱ्यात गेले, तर भिंतींवर स्टेशन उमटवणं कठीण नाही. पण मधल्या काळात रमाबाईंनी चोरलेली किल्ली प्रेक्षकांनी बघितलेलीच नसणार. तेव्हा पाटीवर ‘आत्ता पान बत्तीस’ असं न लिहिता, तिनं काय काय घडून गेलंय ते लिहायला सुरुवात केली. किल्ली कुणाकडं आहे. लुगड्यांची ट्रंक कुठं आहे. पत्रांची गोष्ट रमाबाईंना कळली आहे का. अशा त्रेसष्ट गोष्टी निघाल्या. प्रत्येक वाक्यासमोर तिनं लिहिलं, की हे बोललं गेल्यावर यातल्या कुठल्या गोष्टी बदलतात. आता अण्णा कुठंही उडी मारोत, काय घडलंय आणि काय राहिलंय हे पाटीला कळणार होतं. राहिलेलं ती इतर नटांच्या कानात सांगणार होती: किल्ली अजून मास्तरांकडंच आहे, आधी ती घ्या.

चाचांच्या हातातलं बटण तिनं काढलं नाही. फक्त त्याचा अर्थ बदलला. आता ते दाबलं की पाटीवर लिहिलं जाई, ‘भूपाल थांबला आहे.’ ती खरी घटना होती, आणि ती कळल्यावर दिवे, भिंती, सगळे शांतपणे वाट बघत.

तालमीच्या दिवशी तिनं मंडळीला हे सगळं समजावलं. कुणालाच पटेना.

“माझ्या पहिल्या प्रवेशाआधी माझा तिसरा प्रवेश कसा होईल?” कुरणेताईंनी विचारलं. त्या शाळेत गणित शिकवत. “आणि हे सगळं कशासाठी? चाललंय ते छान चाललंय की.”

सन्मतीनं अण्णांकडं बघितलं. घरून निघताना तिनं सांगितलं होतं, की तुमची गोष्ट तुम्हीच सांगायची. मी नाही, चाचा नाही. नाही सांगायची असली तरी तुमची मर्जी.

अण्णा उठले. धोतराचा सोगा नीट केला.

“मंडळी, मला विसरायला होतंय. वाक्यं नव्हे, जागा. डॉक्टरीणबाईंनी त्याला एक नाव सांगितलंय. ते पण विसरलो.”

हसावं की नाही, हे कुणाला कळेना. कुरणेताईंना मात्र फस्सकन हसू आलं, आणि पाठोपाठ त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या उठून रंगमंचाच्या मध्यावर गेल्या.

“बोला अण्णा, कुठलंही वाक्य बोला. बघू तरी मी कुठं जाते ते.”

तालीम तीन तास चालली आणि इतकी मजा कुठल्याच तालमीत आली नव्हती. अण्णा मुद्दाम उलटेपालटे उडत. भिंतींवर पोस्ट, घर, स्टेशन, पुन्हा पोस्ट. कुरणेताई एकदा नवऱ्याला निरोप देतादेताच त्याचं स्वागत करायला लागल्या. सातव्या फेरीला त्यांना सूर सापडला. अण्णांची उडी झेलून त्या तिला अशी वळणं द्यायला लागल्या की मूळ संहितेपेक्षा ती बरी वाटावीत.

नव्या पाटीवरचा पहिला प्रयोग मिरजेतच, रविवारी दुपारी साडेचारला होता. आठशे माणसं. तिसरी घंटा झाली तेव्हा सन्मती मागच्या काचेच्या खोलीत बसली होती. समोर एक लाल कळ होती. काहीच जुळेना झालं तर ती दाबायची. पाटी बाजूला होई आणि नाटक मूळ क्रमानं पुढं ढकलता येई. अण्णा मागं राहिले असते, पण प्रयोग पार पडला असता.

पहिला अंक निम्मा झाला आणि अण्णा म्हणाले, “हमाल! ही ट्रंक गाडीत चढव, माझं सगळं आयुष्य आहे तिच्यात!”

तिसरा अंक. घराच्या भिंती विरल्या आणि स्टेशन उमटलं. गोल फिरला. दिवे पिवळ्याचे पांढरे झाले. कन्नड भाषांतर बरोबर तिथंच आलं. कुरणेताईंच्या कानात पाटी बोलली, आणि त्या फलाटावर उभ्या राहून कडाडल्या, “आयुष्य राहू दे, आधी किल्ली द्या इकडं! कुलूप लावलंय का बघते!” किल्ली त्यांच्याकडं आली. पाटीवर एक गोष्ट बदलली. पंधरा मिनिटांनी अण्णा स्वतःच घरात परतले, आणि स्टेशनावरचा भाग प्रेक्षकांना मास्तरांचं स्वप्न वाटला. मध्यंतरात एक गृहस्थ चहा पिताना म्हणाले, “दिग्दर्शन काय आहे बघा! मागच्या खेपेला हे स्वप्न नव्हतं.”

शेवटच्या पंधरा मिनिटांत मात्र पाटीला न कळणारं काहीतरी घडलं. अण्णा ताठ झाले, हात पुढं केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सेनापती, गडाचे दरवाजे बंद करा!”

हे त्यांच्या कुठल्यातरी पंचवीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं होतं. पाटीनं शोधलं, सापडलं नाही. सन्मतीपुढं अक्षरं आली: ओळख पटत नाही. भिंती होत्या तशा राहिल्या. चाचांनी बटण दाबलं, सगळं थांबलं. अण्णा हात पुढं करून उभे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा राजा ओसरायला लागला आणि तिथं घाबरलेला म्हातारा दिसायला लागला.

सन्मतीचं बोट लाल कळीवर होतं. तिनं ते उचललं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसली.

कुरणेताई सावकाश पुढं आल्या. त्यांच्या कानात काहीच येत नव्हतं. त्यांनी कमरेवर हात ठेवले. “का हो? पोस्टातली नोकरी सुटली म्हणून एकदम राजे झालात?”

प्रेक्षागृह हसलं. त्या हसण्यानं अण्णांना जागा सापडली असावी. त्यांनी पुढं केलेला हात हळूच मिशीवर नेला.

“होतोच मी राजा. चाळीस वर्षं तिकिटावरच्या राजांच्या तोंडाला शिक्का कोण मारत होतं?”

हे वाक्य कुठल्याच संहितेत नव्हतं. टाळ्या थांबेनात. पाटी शांतपणे शेवटच्या ठाऊक स्थितीला धरून उभी होती. टाळ्या ओसरल्यावर अण्णांनी ट्रंकेवर हात ठेवून पुढचं, अगदी बरोबर पुढचं वाक्य घेतलं.

विंगेत मुजावरचाचा स्टुलावरून उठून लहान पोरासारखे नाचत होते, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. चाचांनी ते कधीच कबूल केलं नाही.

त्यानंतर अण्णांनी सव्वीस प्रयोग केले. प्रत्येक वेळी नाटक थोडं वेगळं व्हायचं. काही लोक तर चार-चार वेळा येऊन बघायचे. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांनी आपणहून सांगितलं, “आता बास. आता मला खुर्चीत बसून बघायचंय.” मास्तरांचं काम प्रदीप शिरगुप्पे या तरुण नटाकडं आलं. अण्णांना पहिल्या रांगेत मधली खुर्ची ठरली.

प्रदीपच्या पहिल्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकात, काहीही कारण नसताना पोस्टाच्या भिंती विरल्या आणि स्टेशन आलं. सन्मतीनं घाईघाईनं पाटी बघितली. घटना नोंदलेली होती: वाक्य झालं, बोलणारे भूपाल मगदूम. पहिल्या रांगेतून अण्णा तिसऱ्या अंकातलं वाक्य स्वतःशीच पुटपुटले होते, आणि पाटी ज्यांचं ऐकते त्या आवाजांच्या यादीत त्यांचा आवाज अजून होता.

यादीतून नाव काढायला एक सेकंद पुरला असता. सन्मतीनं यादी उघडलीदेखील. तेवढ्यात रंगमंचावर प्रदीपनं आजूबाजूचं स्टेशन बघितलं, गडबडला, आणि मग त्याला उलगडा झाला. पहिल्या रांगेकडं वळून तो कमरेत वाकला. “आलो मास्तर, आलो! गाडी वेळेआधी आली म्हणायची!”

आणि ट्रंक उचलून तो फलाटावर धावत सुटला. त्याच्यामागं कुरणेताई, किल्लीसाठी ओरडत. खुर्चीत बसलेले अण्णा सगळ्यांच्या आधी हसत होते.

सन्मतीनं यादी बंद केली आणि खुर्ची पुढं ओढून नाटक बघायला लागली.